अभियंते वकिलीकडे का वळतात?

अभियांत्रिकीची चार वर्षे, नोकरीची पाच-सात वर्षे आणि त्यानंतर हातात पुन्हा पाठ्यपुस्तक, तेही कायद्याचे. बाहेरून पाहणाऱ्याला हा उलटा प्रवास वाटतो. त्यामागील प्रेरणांचा आणि त्यासाठी मोजाव्या लागणाऱ्या किमतीचा हा वेध.

मोटारसायकलच्या इंजिनात एक स्पार्क प्लग असावा की दोन, हा प्रश्न खरे तर कारखान्यातला. २००७ मध्ये मात्र तो न्यायालयात जाऊन पोहोचला. पुण्याच्या बजाज ऑटोने लहान आकाराच्या चार स्ट्रोक इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याच्या तंत्रासाठी १९५९०४ क्रमांकाचे पेटंट मिळवले होते. ‘डीटीएस-आय’ या नावाने ते तंत्र रस्त्यावर सर्वांच्या परिचयाचे झाले होते. तमिळनाडूच्या टीव्हीएस मोटर कंपनीने त्या वर्षी १२५ सीसीची ‘फ्लेम’ ही मोटारसायकल जाहीर केली आणि तिच्या इंजिनातही दोन प्लग असल्याचे दिसून आले. बजाजने पेटंटभंगाचा आरोप केला. टीव्हीएसने तो फेटाळलाच, शिवाय मुळात ते पेटंटच रद्द व्हावे, अशी मागणी केली.

मद्रास उच्च न्यायालयात फेब्रुवारी २००८ मध्ये बजाजला अंतरिम मनाई हुकूम मिळाला. मे २००९ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो उठवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पेटंट, ट्रेडमार्क आणि कॉपीराइटचे दावे वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवू नयेत, रोजच्या रोज सुनावणी घेऊन शक्यतो चार महिन्यांत निकाली काढावेत, असे त्या न्यायालयाने बजावले. प्रत्यक्षात हा वाद मिटायला २०१९ साल उजाडले आणि तोही दोन्ही कंपन्यांतील तडजोडीने मिटला.

या वादातील युक्तिवाद पाहिले, तर एखाद्या अभियंत्याला आपण तांत्रिक परिषदेतच बसलो आहोत, असे वाटावे. सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर असल्याचा पेटंटमधील उल्लेख कितपत बंधनकारक? पेटंट दोन व्हॉल्व्हच्या इंजिनाचे असेल, तर तीन व्हॉल्व्हचे इंजिन त्याच्या कक्षेत येते काय? दोन प्लगची कल्पना आधीच्या परदेशी पेटंटांत येऊन गेली होती काय? इंजिन घडवणाऱ्यांचे काम तेव्हा केव्हाच संपले होते. त्यांच्या श्रमाचे फळ कोणाच्या पदरात पडायचे, हे आता कागदावरील एका लांबलचक वाक्याच्या अर्थावर ठरणार होते.

अभियंते वकिलीकडे का वळतात, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या वाक्यात दडलेला आहे. नोकरीची काही वर्षे गेली, की अनेकांच्या लक्षात येते, की आपण जे बांधतो, जुळवतो किंवा लिहितो, त्याविषयीचा शेवटचा शब्द दुसऱ्याच टेबलावर उच्चारला जातो. ते टेबल कधी पेटंट कार्यालयातील असते, कधी लवादासमोरचे, कधी न्यायालयातील. तिथे बसलेल्यांना तंत्र कळत नाही आणि तंत्र कळणाऱ्याला तिथे बोलण्याचा अधिकार नसतो. ही दरी अस्वस्थ करणारी असते. ज्यांना ती फारच टोचते, त्यांतील काही जण कायद्याच्या महाविद्यालयाचा अर्ज भरतात.

वाक्यात बसवलेले यंत्र

या वाटेवरचा सर्वांत रुळलेला टप्पा पेटंटचा आहे. पेटंट म्हणजे शोधाचे प्रशस्तिपत्र, असा सर्वसाधारण समज असतो. कायद्याच्या दृष्टीने ती एक देवघेव आहे. शोधकर्त्याने आपले तंत्र जगासमोर उघड करायचे आणि त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे इतरांना ते वापरण्यापासून रोखण्याचा हक्क घ्यायचा. हा हक्क किती लांबरुंद आहे, हे पेटंटच्या तपशिलाच्या अखेरीस येणारे ‘दावे’ ठरवतात. दावा फार ऐसपैस लिहिला, तर जुन्या ज्ञानाशी त्याची टक्कर होऊन तो रद्द होण्याचा धोका असतो. फार अरुंद लिहिला, तर प्रतिस्पर्धी एखादा भाग बदलून सहज निसटतो. शेताच्या बांधाची मोजणी करावी, तसे हे शब्दांनी हद्द आखण्याचे काम आहे. ते करणाऱ्याला यंत्रही कळावे लागते आणि शब्दाचे वजनही.

भारतीय अभियंत्यांना याचे भान प्रकर्षाने आणून दिले ते हळदीने. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याबाबतचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. हळदीचा हा गुण आपल्या घराघरांत ठाऊक आहे, एवढे म्हणून भागणारे नव्हते. ते ज्ञान पूर्वी लिखित स्वरूपात नोंदले गेले होते, हे सिद्ध करणे आवश्यक होते. त्यासाठी जुने ग्रंथ धुंडाळले गेले. सादर केलेल्या संदर्भांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर हे मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेत घडलेले रासायनिक अभियंते. ते स्वतः वकील झाले नाहीत. पण प्रयोगशाळेतील माणसाने कायद्याची भाषा शिकली नाही, तर स्वयंपाकघरातील ज्ञानही हातचे जाऊ शकते, हा धडा त्या लढाईने एका पिढीला दिला.

संगणक अभियंत्यांच्या बाबतीत पेच आणखी सूक्ष्म आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. मग एखाद्या प्रोग्रॅममुळे यंत्राची मेमरी वाचत असेल किंवा माहिती अधिक वेगाने पोहोचत असेल तर? अशा तांत्रिक परिणामाचा विचार केला पाहिजे, अशी दिशा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात दिली. ‘निव्वळ’ या एका शब्दाभोवती फिरणारा हा वाद आहे. कोडची प्रत्येक ओळ ज्याने तपासली आहे, त्याला या वादात उतरावेसे वाटले, तर नवल नाही.

पेटंटच्या क्षेत्रात पाऊल टाकण्यासाठी कायद्याची पदवी असावीच लागते, असे मात्र नाही. पेटंट एजंटची परीक्षा विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी असलेल्या, २१ वर्षे पूर्ण केलेल्या भारतीय नागरिकाला देता येते. कायदा व नियम यांचा एक पेपर, तपशील लिहिण्याचा आणि त्याचा अर्थ लावण्याचा दुसरा पेपर आणि तोंडी परीक्षा, असे तिचे स्वरूप आहे. उत्तीर्ण झालेल्याला अर्ज तयार करता येतात आणि पेटंट नियंत्रकासमोर बाजू मांडता येते. त्याची मर्यादा त्याच दारापाशी संपते. वाद न्यायालयात गेला, की एजंटला फाइल वकिलाच्या हाती द्यावी लागते. पेटंटविषयक अपिले ऐकणारे बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाले आणि ते काम उच्च न्यायालयांकडे गेले. तेव्हापासून हे दार अधिकच जाणवू लागले आहे. मी लिहिलेल्या दाव्याचा बचाव मीच का करू नये, या प्रश्नातून कित्येक एजंट एलएल.बी.कडे वळतात.

नव्वद दिवस आणि दोन शब्द

स्थापत्य अभियंत्याचा अनुभव वेगळा, पण निष्कर्ष तोच. एखाद्या उड्डाणपुलाच्या कामावरील साइट इंजिनीअरचे उदाहरण कल्पनेने घ्यावे. जागेचा ताबा उशिरा मिळाला, नकाशे दोनदा बदलले, पावसाने खोदकाम अडले. त्याने काम रेटून पूर्ण केले. दोन वर्षांनी कंत्राटदार आणि सरकारी खाते लवादापुढे उभे राहतात, तेव्हा विचारले जाते ते एवढेच, की अडथळ्यांच्या रजिस्टरात त्या दिवशीची नोंद आहे काय? मुदतवाढीचे पत्र मुदतीच्या आत गेले होते काय? मोजमाप पुस्तिकेवर सही कोणाची आहे? काँक्रीट भक्कम असूनही कागद कच्चा निघाला, म्हणून दावा बुडतो. विलंबाच्या भरपाईचे गणित कंत्राट कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार मांडले जाते आणि त्या कायद्याचे नाव अभियंत्याने चार वर्षांच्या अभ्यासक्रमात क्वचितच ऐकलेले असते.

शब्दाची किंमत किती असू शकते, हे दिल्लीच्या विमानतळ मेट्रोच्या वादाने दाखवून दिले. फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर जुलै २०१२ मध्ये गाड्या थांबवण्यात आल्या. उन्नत मार्गाच्या बांधकामात, विशेषतः गर्डर आणि बेअरिंगमध्ये, दोष असल्याचे मार्ग चालवणाऱ्या खासगी कंपनीचे म्हणणे होते. बांधकामाची जबाबदारी दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनची होती. दोष दूर करण्यासाठी कंपनीने ९० दिवसांची नोटीस दिली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये करार संपुष्टात आणला. २०१७ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने सुमारे २,७८२ कोटी रुपयांचा निवाडा दिला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१९ मध्ये तो फिरवला, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा कायम केला आणि त्याच न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये क्युरेटिव्ह याचिकेवर तो अखेर रद्द ठरवला.

या सगळ्या चढउतारात गर्डर तेच होते. बदलत गेला तो कराराच्या वाचनाचा मार्ग. दोष ९० दिवसांत पूर्णपणे दूर होणे आवश्यक होते, की ते दूर करण्यासाठी ‘परिणामकारक पावले’ उचललेली असणे पुरेसे होते? मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी नंतर दिलेल्या प्रमाणपत्राला काय वजन द्यायचे? लवादाने या दोन्ही बाबींकडे दुर्लक्ष केले, असे २०२४ च्या निकालात म्हटले आहे. गर्डरमधील भेग किती धोकादायक, हे सांगायला अभियंता लागतो. पण त्या भेगेचा कराराच्या कलमाशी नेमका कोठे सांधा जुळतो, हे सांगायला दोन्ही विद्या जाणणारा लागतो.

घरांच्या बाबतीतही हेच घडते. स्थावर संपदा कायदा २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात संरचनात्मक दोष आढळला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून ‘महारेरा’ कार्यरत आहे. भिंतीवरची ओल ही प्लास्टरची चूक, की संरचनेचा दोष, यावर गृहस्थाची आयुष्यभराची पुंजी अवलंबून असते. वकिली करणाऱ्या स्थापत्य अभियंत्याची गरज येथे सामान्य माणसालाही भासते.

जालन्याच्या निवडणुकीने शिकवलेले

तिसरी वाट संगणकाकडून न्यायालयाकडे जाते आणि तिच्यावरील एक मैलाचा दगड महाराष्ट्रातलाच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी निवडणुकीला आव्हान दिले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असा त्यांचा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रीकरणाचा. अशा चित्रीकरणाच्या प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-बी नुसार प्रमाणपत्र लागते. ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही.

उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये तो निर्णय कायम ठेवतानाच देशभर लागू होणारा नियम स्पष्ट केला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून दाखल करायची, तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र पक्षकाराने ते मिळवण्यासाठी शक्य ते सारे केले असेल आणि तरीही ते देणे ज्याच्या हाती आहे त्याने दिले नसेल, तर कायदा अशक्य गोष्टीची अपेक्षा धरत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने याच्याही पुढचे पाऊल टाकले आहे. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग असून दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. हॅश म्हणजे त्या फाइलच्या बोटाचा ठसाच. आतील एक अक्षर बदलले, तरी तो ठसा बदलतो. आज मोबाइलवरील संदेश, कॅमेऱ्याचे चित्रण किंवा बँकेची संगणकीय नोंद नसलेला खटला विरळाच. सर्व्हरची नोंद कशी तयार होते आणि कशी खोटी पाडता येते, हे जाणणारा वकील उलटतपासणीला उभा राहिला, तर निरपराध सुटू शकतो आणि अपराधी अडकू शकतो. संगणक अभियंत्याला कायद्याकडे ओढणारी ही प्रेरणा पगाराच्या आकड्याहून वेगळी आहे.

नकलांना कंटाळलेला अभियंता

हा ओढा आजचा नाही. चेस्टर कार्लसन हे नाव फारसे कोणाला ठाऊक नसले, तरी त्यांनी लावलेला शोध प्रत्येक न्यायालयाच्या आवारात दिसतो. १९३० मध्ये कॅलिफोर्नियातील कॅलटेकमधून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या या गरीब घरातील तरुणाच्या वाट्याला अमेरिकेतील महामंदी आली. बेल लॅबोरेटरीजमध्ये संशोधन अभियंता म्हणून लागलेले कार्लसन तेथील पेटंट विभागात गेले आणि तेथील नोकरी सुटल्यावर पुढे न्यूयॉर्कमधील एका विद्युत उपकरण कंपनीच्या पेटंट विभागात काम करू लागले. या क्षेत्रात पुढे जायचे, तर कायदा शिकायला हवा, हे ओळखून त्यांनी न्यूयॉर्क लॉ स्कूलच्या रात्रवर्गात नाव घातले. कायद्याची पुस्तके परवडत नसल्याने ग्रंथालयात बसून ते उतारे हाताने उतरवून काढत. कार्यालयात पेटंटच्या प्रतींचा तुटवडा आणि अभ्यासात नकलांचा हा छळ! त्यातून कागदावरील मजकुराची चटकन प्रत काढता येईल, अशा यंत्राचा ध्यास त्यांना लागला.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागातील एका खोलीत त्यांनी कोरड्या पद्धतीने पहिली प्रत उमटवली. पुढच्याच वर्षी त्यांना कायद्याची पदवी मिळाली. मूळ तंत्राचे पेटंट १९४२ मध्ये मंजूर झाले. वीसहून अधिक कंपन्यांनी त्यांना नकार दिला होता. १९५९ मध्ये झेरॉक्सचे ‘९१४’ हे यंत्र बाजारात आले, तेव्हा मूळ प्रयोगाला दोन दशके उलटली होती. इतकी वर्षे तो शोध टिकून राहिला, याचे बरेचसे श्रेय त्याभोवती शब्दांचे कुंपण नीट घालू शकणाऱ्या शोधकर्त्याला जाते.

मंदी, मत्सर आणि मनाची ओढ

सर्वांचीच प्रेरणा अशी उदात्त असते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात २००१ मध्ये आणि पुन्हा २००८-०९ मध्ये मंदीची लाट आली. नंतरच्या काळातही नोकरकपातीच्या बातम्या थांबल्या नाहीत. अशा वेळी, ज्या व्यवसायात निवृत्तीचे वय नाही आणि पांढरे केस ही अडचण नसून भांडवल आहे, तो व्यवसाय खुणावू लागतो. काहींना बारावीनंतर घरच्यांनी अभियांत्रिकीला घातलेले असते आणि वाचन, लेखन, वादविवाद यांची आवड मनात दबून राहिलेली असते. काहींना केवळ हुद्द्याच्या शिडीचा कंटाळा आलेला असतो.

येथे स्वतःशी प्रामाणिक राहणे महत्त्वाचे. नोकरीवरचा राग, साहेबांशी झालेला खटका किंवा चित्रपटातील न्यायालयाचे आकर्षण, या प्रेरणा पहिल्या सत्राच्या परीक्षेपर्यंतच पुरतात. ज्याला एखाद्या प्रश्नाची दोन्ही बाजूंनी मांडणी करण्यात रस आहे, लांब निकालपत्र वाचताना ज्याचे कुतूहल टिकते, त्याच्या बाबतीत ही ओढ खरी असण्याची शक्यता अधिक.

अभियंत्याच्या मनाची घडणही कायद्यात एकाच वेळी उपयोगी आणि अडचणीची ठरते. अटींची साखळी तपासणे, घटनाक्रम मांडणे, आराखड्यातील विसंगती हेरणे ही त्याची बलस्थाने. दुसरीकडे, त्याला एका प्रश्नाचे एकच बरोबर उत्तर पाहण्याची सवय असते. कायद्यात दोन न्यायाधीश एकाच वस्तुस्थितीवरून दोन निष्कर्ष काढतात आणि दोन्ही तर्कशुद्ध असतात. ‘वाजवी’, ‘योग्य तो वेळ’, ‘सद्‌हेतूने’ अशा शब्दांना मोजपट्टी लागत नाही. हे स्वीकारायला जितका वेळ लागतो, तितका कलमे पाठ करायलाही लागत नाही.

वाट आणि तिचे टोल

औपचारिक वाट सरळ आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेता येतो. खुल्या प्रवर्गासाठी पदवीला किमान ४५ टक्के गुणांची अट असून आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. महाराष्ट्रात २०१६ पासून राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून प्रवेश होतात. मुंबईचे १८५५ मध्ये स्थापन झालेले शासकीय विधी महाविद्यालय आणि पुण्याचे १९२४ पासूनचे आयएलएस विधी महाविद्यालय यांची परंपरा सर्वज्ञात आहे. खास तंत्रज्ञांसाठीचा प्रयोग म्हणून आयआयटी खरगपूरने २००६ मध्ये बौद्धिक संपदा कायद्याची शाळा सुरू केली. शबरीमला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद करणारे जे. साई दीपक हे मूळचे यांत्रिकी अभियंते तेथूनच कायदा शिकून बाहेर पडले. कमाल वयाची अट घालण्याच्या बार कौन्सिलच्या प्रयत्नाला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिल्याने तिशी ओलांडलेल्यांची वाट मोकळी राहिली.

पदवीनंतर राज्य बार कौन्सिलकडे नावनोंदणी करावी लागते. त्यासाठी मनमानी शुल्क आकारता येणार नाही, कायद्यात ठरलेले ७५० रुपयेच घ्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही रक्कम १२५ रुपये आहे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

खरे टोल निराळे आहेत. पहिला वेळेचा. दूरशिक्षणाने मिळवलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही आणि नियमित वर्गात ७० टक्के हजेरीचा नियम आहे. पूर्णवेळ नोकरी सांभाळून हे जमवणे म्हणजे तारेवरची कसरत. दुसरा टोल निवडीचा. पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. डॉक्टरकी आणि वकिली एकत्र करू इच्छिणाऱ्या डॉ. हनीराज चुलानी यांनी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या नियमाला आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो नियम वैध ठरवला. वकिली हा पूर्ण निष्ठा मागणारा व्यवसाय आहे, असा त्या निकालाचा आशय. म्हणजे दोन डगरींवर हात ठेवता येत नाही. काठावरच्या माणसाला कधीतरी राजीनामा लिहावाच लागतो.

तिसरा आणि सर्वांत जड टोल पैशाचा व मानाचा. कालपर्यंत ज्याच्या हाताखाली दहा माणसे होती, तो आता ज्येष्ठ वकिलांच्या चेंबरमध्ये फाइली लावतो, तारखा घेतो, वयाने लहान असलेल्या सहकाऱ्याकडून अर्जाचा मसुदा शिकतो. कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. शिवाय अशी शिफारस करावी लागली, यातच या व्यवसायाच्या पहिल्या वर्षांचे वास्तव आले. घराचे हप्ते, मुलांची शाळा आणि आईवडिलांचे औषधपाणी चालू असताना चार-पाच वर्षे कमाई घसरणार, याची तयारी एकट्याची असून चालत नाही. ती घराची असावी लागते. पेटंट एजंटची परीक्षा किंवा कंपनीच्या कंत्राट विभागातील काम, हे मधले पूल म्हणूनच उपयोगी पडतात. लवादाच्या क्षेत्रात तर कायद्याची पदवी नसतानाही अभियंत्याला लवाद म्हणून नेमता येते.

राजीनाम्यापूर्वी

या निर्णयाची एक सोपी, बिनखर्चाची चाचणी आहे. आपल्याकडे न्यायालयाचे कामकाज सर्वसाधारणपणे खुले असते. रजा टाकून एक दिवस जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसावे. नाट्यमय असे काही घडणार नाही. तारखा पडतील, वकील हजर नसतील, एखादा साक्षीदार चौथ्यांदा येऊन परत जाईल. त्यानंतर आपल्या क्षेत्राशी संबंधित एक निकालपत्र संपूर्ण वाचावे. विमानतळ मेट्रोचे किंवा जालन्याच्या निवडणुकीचेही चालेल. हे दोन्ही केल्यानंतरही मन तिकडे धावत असेल, तर ती ओढ कंटाळ्यातून आलेली नाही, असे समजण्यास हरकत नाही.

बजाज आणि टीव्हीएसचा तो वाद संपून बराच काळ लोटला. त्या इंजिनांच्या कितीतरी आवृत्त्या नंतर निघाल्या आणि जुन्याही झाल्या. पण दोन प्लगच्या त्या रचनेवर हक्क कोणाचा, हे ठरवण्यासाठी जवळपास बारा वर्षे शब्दांचा कीस पाडला गेला. ते शब्द लिहिताना, वाचताना आणि लढवताना इंजिनाचा आवाज ओळखणारा कोणीतरी त्या दालनात असावा, अशी गरज पुढेही भासत राहणार आहे. पगार आणि ज्येष्ठता मागे ठेवून तिकडे निघालेल्या अभियंत्याच्या डोक्यात बहुधा हीच जागा असते.